कंसातली गावं

नाशिक जिल्ह्यात कुणी ‘मी पिंपळगावचा’ असं सांगितलं, तर त्यानं काहीच सांगितलेलं नसतं. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कुठलं पिंपळगाव?’ बसवंत, बहुला, खांब, मोर, डुकरा, घाडगा, जलाल, लेप, निपाणी अशी ही भावकी लांबलचक आहे. त्यातलं बसवंत द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या जोरावर इतकं गबर झालं, की त्याला आता आडनाव लावायची गरज उरलेली नाही. नुसतं पिंपळगाव म्हटलं की तेच. बाकीच्यांनी आपापलं शेपूट सांभाळून राहायचं. इगतपुरी तालुक्यात एका पिंपळगावच्या वाट्याला मोर आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला डुकरा. नशीब म्हणतात ते हेच असावं. पण माझा खरा जीव जडलाय तो ‘पिंपळगाव नजीक’वर. नजीक, म्हणजे कशाच्या नजीक? ते सांगायची तसदी नावानं घेतलेलीच नाही. शेजारी लासलगाव आहे, कांद्याच्या लिलावांनी देशभर गाजलेलं. मोठ्या माणसाच्या बंगल्याशेजारी राहणारा जसा ‘त्यांच्या शेजारी’ एवढाच पत्ता सांगतो, तसं हे गाव पिढ्यान् पिढ्या फक्त ‘जवळ’ राहत आलंय.

तरी ही गावं सुखी म्हणायची. त्यांची शेपटं निदान उघड्यावर आहेत. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं, की ज्यांचं शेपूट कंसात कोंडलंय अशी गावं भेटतात. या भागात पेगलवाडी एक नाही, दोन आहेत. एक पेगलवाडी (ना) आणि दुसरी पेगलवाडी (त्र्यं). एक नाशिकची, एक त्र्यंबकची. तळेगावंही दोन: तळेगाव (अंजनेरी) आणि तळेगाव (त्र्यंबक). हा कंस महसूल खात्यातल्या कुण्या अव्वल कारकुनानं कधीतरी घातला असणार. टपाल चुकतं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघतो, वसुली तिसऱ्याकडून होते, म्हणून त्यानं वैतागून दोन वळणदार रेघा ओढल्या आणि त्यात शेजारचं गाव बसवून टाकलं. त्या दिवसापासून गाव आणि शेजार यांची गाठ पडली ती पडलीच.

माणसांचंही यापेक्षा वेगळं काय होतं म्हणा. लग्नपत्रिकेत ‘(ह. मु. नाशिक)’ असं कंसात छापलेले काका प्रत्येक घरात असतात. मोबाइलमध्ये आपण नंबर साठवतो, ‘सुनील (गॅस)’, ‘सुनील (मामेभाऊ)’, ‘सुनील (उचलू नये)’. आपणही कुणाच्या तरी फोनमध्ये कंस लावून पडलेले असतो. त्या कंसात काय आहे ते आपल्याला कळत नाही, हे बरंच आहे.

आमचे एक स्नेही सातपूरच्या मायकोतून, म्हणजे आताच्या बॉशमधून, निवृत्त झाले. जन्मभर जर्मन कंपनीच्या भोंग्यावर जगले, पण जर्मनी पाहिली ती निवृत्तीनंतर, मुलगा श्टुटगार्टजवळ नोकरीला लागला तेव्हा. मुलगा शहरात न राहता शहराबाहेरच्या एका वाडीत राहतो. वाडी म्हणजे खरोखरची वाडी. काही घरं, एक चर्च, एक गोठा, आणि पाव घेऊन ठरल्या वारी येणारी बेकरीवाल्याची गाडी. दुकान नाही, टपरी नाही. स्नेह्यांना पहिल्या आठवड्यातच चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग त्यांनी नाइलाजानं पायी फिरायला सुरुवात केली आणि तिथल्या पाट्यांच्या प्रेमात पडले.

तिथं गावात शिरताना पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाचं नाव. गाव संपलं की त्याच पाटीची मागची बाजू दिसते. तिच्यावर खाली या गावाचं नाव लिहून त्यावर तिरपी लाल काट मारलेली, आणि वर पुढच्या गावाचं नाव, किती किलोमीटर ते आकड्यासह. स्नेही म्हणाले, ‘‘काय हो ही माणसं! गाव ओलांडलं नाही तोच त्याच्या नावावर काट?’’ मला मात्र ती पाटी फार आवडली. आपलं गाव संपतं तिथं शेजारचं सुरू होतं, एवढी साधी गोष्ट सरकारी खर्चानं रंगवून ठेवणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे. आपल्याकडे वेशीवर ‘हार्दिक स्वागत’ असतं आणि मागच्या बाजूला ‘आपला प्रवास सुखाचा होवो’. पुढं कुठलं गाव आहे ते विचारायला टपरीवरच थांबावं लागतं. अर्थात त्यात टपरीवाल्याचा चहा खपतो, हाही भाग आहेच.

कंसाचा रोग तिकडेही आहे. जर्मनीत फ्रँकफुर्ट दोन आहेत. विमानतळवालं माइन नदीवरचं, आणि दुसरं पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठचं. ते दुसरं आपलं नाव अधिकृतपणे ‘फ्रँकफुर्ट (ओडर)’ असं कंसासकट लिहितं. पेगलवाडीकरांनी हे ध्यानात ठेवावं. त्यांची सोयरीक लहानसहान ठिकाणी नाही.

आणि ग्रुप ग्रामपंचायत? तीही तिकडे आहे. पश्चिम जर्मनीत १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारनं लहान लहान ग्रामपालिका एकमेकींत विलीन करायचा सपाटा लावला. २४ हजारांच्या आसपास होत्या, त्या साडेआठ हजारांवर आल्या. वाड्यांची सत्ता गेली, शिक्के गेले. पण गावोगावची हौशी अग्निशमन दलं मात्र बहुतेक ठिकाणी टिकली. चाळीस घरांच्या वाडीलाही स्वतःचा लाल बंब हवा असतो. आग रोज लागत नाही, अभिमान रोज लागतो. आपल्याकडे त्या जागी भजनी मंडळ असतं. तीन वाड्यांची ग्रामपंचायत एक करता येते, सरपंच एक करता येतो, पण तीन वाड्यांचा एक सप्ताह करून दाखवा!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे त्र्यंबकच्या डोक्यावरच्या ब्रह्मगिरी डोंगरावरचं एक गाव. त्याचं सरकारी नाव मेटघर किल्ला. हे नाव ऐकून ‘गाव कुठे आहे’ असं विचारलंत, तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते, कारण ते एका ठिकाणी नाहीच. महादरवाजा मेट, गंगाद्वार, सुपलीची मेट, जांबाची वाडी, पठारवाडी, विनायक खिंड अशा डोंगराच्या अंगाखांद्यावर विखुरलेल्या वस्त्या मिळून ते गाव होतं. गडाच्या वाटेवर पहाऱ्याच्या माणसांनी राहायची जागा ती मेट. खालून कोण येतंय ते आधी मेटेवर कळायचं, मग गडावर. १८१८ साली इंग्रजांनी ब्रह्मगिरीवरचा हा गड, त्र्यंबकगड, घेतला. गड गेला, किल्लेदार गेला, तोफा गेल्या. पहाऱ्याच्या जागा तेवढ्या राहिल्या, आणि त्यांतली माणसंही. दोनशे वर्षं झाली, राखायला किल्ला उरला नाही, पण महसुली दप्तरात गावाच्या नावापुढचं ‘किल्ला’ अजून कुणी खोडलेलं नाही. सरकारी दप्तराइतकं इमानी दुसरं काही नाही.

या मेटेवरच्या लोकांच्या जगाला दिशा दोनच, वर आणि खाली. पूर्व-पश्चिम हे सपाटीवरच्या लोकांचे चोचले. ‘खाली गेलाय’ म्हणजे त्र्यंबकला गेलाय. दाखला खाली, दवाखाना खाली, किराणा खाली, रेशन खाली, पोरांची मोठी शाळा खाली. वर काय? वर देव, वारा आणि माकडं. मेट त्या दोन्हींच्या मधे. खालचे लोक देवाकडे जाताना मेटेवरून जातात, देवाकडून परतताना मेटेवरून येतात, आणि दोन्ही वेळा तिथं दम खातात. नाशिकच्या माणसाला मेट ठाऊक असते ती एवढीच, दम लागण्याचं ठिकाण म्हणून.

तिथं ताडपत्रीच्या सावलीत एखादी मावशी बसलेली असते. पुढ्यात पाटीवर काकड्या, तिखट-मिठाची डबी, लिंबं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कळशी. हाताशी गलोल. ती गिऱ्हाइकासाठी नसून माकडांसाठी असते. ब्रह्मगिरीची माकडं पाण्याची बाटली झाकण उघडून पितात आणि चष्मा ओलीस ठेवतात. मावशी काकडीचे उभे चार काप करते, तिखट-मीठ चोळते आणि हातात देता देता चौकशी सुरू करते.

‘‘कुठून आले?’’

‘‘नाशिकहून.’’

‘‘नाशकात कुठं? सिडको का पंचवटी?’’

म्हणजे आपल्यालाही कंस लागतोच. आपण ऐटीत ‘नाशिक’ म्हणायचं आणि मावशीनं आपलं शेपूट शोधून काढायचं. मग तिची भाची सातपूरला कंपनीत असते, जावई अंबडला असतो, आणि तुमच्या गल्लीतलं दूधवाल्याचं दुकान तिला माहीत निघतं. तिला तुमची गल्ली ठाऊक आहे. तुम्हाला तिच्या वाडीचं नाव ठाऊक नाही. शेजार हा असा एकतर्फी असतो. लहान गावाला मोठ्याची सगळी माहिती ठेवावी लागते, मोठ्याचं लहान्यावाचून अडत नाही असा मोठ्याचा समज असतो.

खालचं त्र्यंबक म्हणजे या सगळ्या पंचक्रोशीचं सासर. २०११ च्या जनगणनेत वस्ती १२ हजारांच्या घरातली, पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तिथं लाखांनी माणूस असतो. आताचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ साली बांधायला घेतलं, ते १७८६ साली पुरं झालं. एकतीस वर्षं पाथरवट, गवंडी, बैल आणि चुना यांना कोण पुरं पडलं असेल, तर हेच आजूबाजूचे पाडे. देवळावर नाव पेशव्यांचं आहे, आणि ते रास्तच आहे, पैसे त्यांचे होते.

या त्र्यंबकचाही एक जुना शेजारी आहे, नाशिक. अंतर २८ किलोमीटर, पण मानापमान बारा वर्षांचे. सिंहस्थात शैव आखाड्यांनी त्र्यंबकला कुशावर्तावर न्हायचं आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर, ही वाटणी पेशवाईतल्या भांडणांची. एकाच पर्वणीत आधी कोण न्हाणार यावरून शस्त्रं निघाली, मग घाट वेगळे केले. आता येत्या सिंहस्थाला ‘नाशिक-त्र्यंबकेश्वर’ म्हणायचं की ‘त्र्यंबकेश्वर-नाशिक’, यावरून धुसफूस आहे. म्हणजे कंसात कुणी जायचं, एवढाच प्रश्न आहे. पेगलवाडीनं जे निमूट सोसलं, ते सोसायला दोन्ही तीर्थक्षेत्रं तयार नाहीत.

पण शेजाऱ्यांच्या भांडणात बाजी मारली ती अंजनेरीनं. हे त्र्यंबकच्या अलीकडचं, रस्त्याच्या डाव्या हाताचं गाव. मारुतीचा जन्म आमच्याच डोंगरावर झाला, ही इथली पिढीजात श्रद्धा. तीच श्रद्धा कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातल्या आनेगुंदीजवळच्या अंजनाद्रीवर आहे, तीच तिरुमलाच्या डोंगरावर आहे आणि झारखंडात गुमला जिल्ह्यातल्या आंजन गावातही आहे. मारुती एका उड्डाणात समुद्र ओलांडतो, त्याला जन्मायला चार गावं म्हणजे काही फार झाली नाहीत. पण २०२२ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या किष्किंधेहून एक महंत नाशकात आले आणि जन्मस्थळ आमचंच, या निवाड्यासाठी धर्मसभा भरली. अंजनेरीकर रस्त्यावर उतरले. सभेत मारुतीचा जन्म बाजूलाच राहिला, आधी वाद पेटला तो कोण उंच आसनावर बसणार आणि कोण खाली, यावरून. मग हमरीतुमरी झाली, ध्वनिक्षेपक बोलण्याऐवजी उगारण्याच्या कामी आला आणि पोलिसांना मधे पडावं लागलं. निवाडा झाला नाही. ज्याच्या जन्मावरून हे चाललं होतं तो स्वतः रामाच्या पायाशी बसण्यात धन्यता मानणारा, हे त्या मांडवात कुणाला आठवलं की नाही, कोण जाणे.

त्याच अंजनेरीच्या डोंगरात गिधाडं घरटी करतात, आणि कंदिलासारखं फूल येणारी एक वेल तिथं वनस्पतिशास्त्रज्ञांना सापडली तेव्हा तिला डोंगराचंच नाव मिळालं, सेरोपेजिया अंजनेरिका. या फुलाच्या जन्मस्थळावर दुसऱ्या कुणी दावा केल्याचं ऐकिवात नाही. डोंगरावर गाडीरस्ता न्यायचा बेत निघाला तेव्हा झाडा-पाखरांवर प्रेम करणारे लोक आडवे आले, तेही बरंच झालं. मारुतीला भेटायला घाम गाळूनच जावं.

अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासाची एक संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त या मोठ्या नाणकशास्त्रज्ञांनी १९८० साली तिची पायाभरणी केली. दिल्ली-मुंबई सोडून हा माणूस शेता-डोंगरांत नाणी मांडून का बसला, असं पाहुण्यांना वाटतं. पण या मातीत जुन्या व्यवहाराचा वास आहेच. गावातल्या जैन मंदिरांच्या पडक्या समूहात शके १०६३ चा, यादव राजा सेउणचंद्राच्या काळातला लेख आहे, त्यात मंदिराला काही दुकानांचं उत्पन्न दिल्याची नोंद आहे. आज जिथं गाडी थांबवून करवंदाचे द्रोण विकत घेतो, तिथं नऊशे वर्षांपूर्वी दान करण्याइतकं दुकानांचं उत्पन्न होतं!

याहून जुनी गोष्ट अंजनेरीतच मिळालेल्या ताम्रपटांची. आठव्या शतकाच्या सुरुवातीचे, हरिश्चंद्र घराण्यातल्या भोगशक्तीच्या काळातले. त्यांतला एक मी पुनःपुन्हा वाचतो, कारण तो राजाच्या पराक्रमाचा नसून शेजाराचा आहे. समगिरिपट्टण नावाचं शहर उजाड झालं होतं. ते पुन्हा वसवलं, आणि एकटं वसवलं नाही, आजूबाजूच्या वाड्यांसकट वसवलं. त्या वाड्यांची नावंही तांब्यावर कोरली आहेत: अंबेयपल्लिका, मौरेयपल्लिका, कंसारिपल्लिका. तेराशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला एवढं कळत होतं, की पट्टण वसवायचं तर आधी पाडे वसले पाहिजेत. नाहीतर शहराला दूध कोण घालणार, लाकूड कोण आणणार? आणि त्यातली शेवटची कंसारिपल्लिका बघा. कंसाचा अरी, म्हणजे कृष्ण, त्याच्या नावाची वाडी असावी; खात्री देता येत नाही. पण आमच्या या कंसमय मुलखात कंसाशी उघड वैर मांडणारी एक तरी वाडी होऊन गेली, यात मी माझ्यापुरता वेगळाच आनंद मानून घेतो.

ताम्रपटात व्यापाऱ्यांना सवलती आहेत. जकात माफ. सरकारी अंमलदार मुक्कामाला आले तर त्यांच्या राहण्या-जेवणाचा भार व्यापाऱ्यांवर पडणार नाही. ही दुसरी सवलत वाचून गावोगावचे सरपंच आजही उसासा टाकतील. पुढं दंडाचे दरही आहेत. मारामारीत एखाद्याचा कान तोडला तर १६ रूपक दंड, आणि डोकं फोडलं तर ४. कान डोक्याच्या चौपट महाग. मला आधी हा हिशेब उलटा वाटला. पण लहान गावात चार दिवस राहून बघा. तिथं डोक्यावाचून वर्षानुवर्षं निभतं, कानावाचून एक दिवस निघत नाही. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा बांध सरकला, शेजारच्या वाडीत कुणाकडे पाहुणे आले, हे सगळं कानांवर चालतं.

बाकीच्या शेजाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. पहिने घाटाच्या तोंडाशी आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी निम्मं नाशिक धबधब्याखाली उभं राहायला तिथं जातं, आणि भाजलेलं कणीस, मॅगी व मोटारींची रांग एवढंच पाहून परत येतं. धाडोशी आणि सापगाव यांना ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा श्रावणातून एकदा जागवते. बेझ्याचं मात्र मला कौतुक वाटतं. गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकटते, गुप्त होते, गंगाद्वारी दिसते, पुन्हा हरवते, गौतम ऋषींनी कुशाचं कुंपण घालून तिला कुशावर्तात अडवलं म्हणतात, तिथूनही ती निसटते. ती पुन्हा हाती लागते बेझ्याच्या चक्रतीर्थावर, आणि तिथून पुढं मात्र नीट नदीसारखी वागते. म्हणजे नदीला नदीपण बेझ्याला आलं. पण गोदावरीचं नाव घेताना त्र्यंबक आठवतं, नाशिक आठवतं, पैठण-नांदेड आठवतं, पार राजमहेंद्री आठवते. बेझे कुणाच्या तोंडी नाही. बेझेकरांनी अजून धर्मसभा भरवलेली नाही, हेच कारण असावं.

आता पाण्याचं बोललंच पाहिजे. त्र्यंबकच्या डोंगरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत मेटेवर चार हातांवरचं दिसत नाही, भिंतींना पाझर, चुलीला ओली लाकडं, अंगावर इरलं किंवा प्लास्टिकची खोळ. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच मेटेवर बायका हंडा-कळशा घेऊन खोल विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी भरतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. ब्रह्मगिरी म्हणजे अखंड काळा पाषाण, थरावर थर. त्यावर पडलेलं पाणी मुरायला थांबत नाही, उतारानं सुटतं. पूर्वेला सुटलं ते गोदावरीचं: ते गंगापूर धरणात जातं, नाशिकच्या नळांना येतं, उरलेलं जायकवाडीला जातं, आणि एकूण १,४६५ किलोमीटरचा पल्ला गाठत समुद्राला. पश्चिमेला सुटलं ते वैतरणेचं. ते तीन धरणांत अडतं आणि मुंबईला जातं. तेव्हा दादरला नळाखाली बादली लावणारा आणि रामकुंडावर डुबकी मारणारा, दोघंही एका अर्थी या मेटेचे शेजारी आहेत. पाणी घेतात, शेजारधर्माची तेवढी आठवण नसते.

नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा पाण्याचा तंटा तर आता दिवाळीच्या फराळाइतका नेमाचा झालाय. जायकवाडी पुरेसं भरलं नाही की वरच्या धरणांतून पाणी सोडायचा आदेश निघतो, मग इकडून मोर्चा, तिकडून मोर्चा, मधे न्यायालय. वकील दोन्ही बाजूंचे तयारीचे असतात. कुणाच्या हक्काचं किती, कुणाचं बाष्पीभवन किती, उसाला किती, द्राक्षाला किती, सगळं येतं. ज्या डोंगरावरून पाण्याचा पहिला थेंब निघतो त्या वस्त्या या दाव्यात पक्षकार नाहीत. त्यांना नोटीसही येत नाही. जुन्या वहिवाटीप्रमाणे त्यांनी फक्त पहारा करायचा, पाणी खाली नीट जातंय ना एवढं बघायचं.

त्यात २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली आणि डोंगराच्या कुशीतली प्रत्येक वाडी एकदम सरकारच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. सुपलीच्या मेटेसारख्या कड्याखालच्या वस्त्यांच्या पुनर्वसनाची चर्चा अशा वेळी नेहमी निघते. माणसं सुखरूप जागी हलवली पाहिजेत, त्यात दुमत असायचं कारण नाही. फक्त हलवताना जुन्या ताम्रपटासारखं वाडीला तिच्या शेजाऱ्यांसकट हलवता आलं तर बघावं. जांबाची वाडी एका कॉलनीत आणि पठारवाडी दुसऱ्या टोकाला टाकली, तर उसनं पीठ मागायला कुठं जायचं? आणि भांडायचं कुणाशी? पेपरात ‘पुनर्वसित वसाहत, सेक्टर दोन’ असं छापून येईल, पण ‘खाली गेलाय’ म्हटल्यावर कुठं गेलाय ते कुणालाच कळणार नाही.

येत्या सिंहस्थाला तुम्ही त्र्यंबकला जालच, आणि अंगात बळ असेल तर ब्रह्मगिरीही चढाल. एवढंच करा. मेटेवर थांबाल तेव्हा वाडीचं नाव विचारा. पठारवाडी, जांबाची वाडी, जे असेल ते, आणि परत आल्यावर चार जणांत ते तसंच सांगा, ‘त्र्यंबकजवळ कुठंतरी’ म्हणू नका. आणि मावशी लिंबू सरबताचे वीस रुपये म्हणाली तर घासाघीस करू नका. लिंबू आणि साखर त्र्यंबकच्या वाण्याची असते, पण त्यातलं पाणी तिनं स्वतः डोक्यावरून आणलेलं असतं.